नवीन वायरमनची हत्यारं: २००० रुपयांत काय काय बसेल?

शिकाऊ_निफाड: आयटीआय इलेक्ट्रिशियनचं दुसरं वर्ष संपलं. आता एका कॉन्ट्रॅक्टरकडे लागतोय. घरांची वायरिंग आणि शेतातले मोटार-स्टार्टर, दोन्ही कामं असतात. शेठ म्हणाले, ड्रिल आणि मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) आमचा, हातातली हत्यारं तुझी. बजेट २०००, त्यातच व्होल्टेज मोजायचा मीटरही बसवायचाय. काय घेऊ?

पक्कडवाला: टपारियाची आठ इंची पक्कड, डोळे झाकून. माझी वडिलांच्या वेळची आहे, अजून धार गेलेली नाही.

डोंबिवली_फास्ट: मीटर फ्लूकचाच घे. एकदाच घ्यायचं, चांगलं घ्यायचं. माझ्याकडे आहे, कंपनीनं दिलाय.

पक्कडवाला: फुकट मिळाला तर आम्हालाही फ्लूकच आवडेल. तो २००० म्हणतोय, वाचलंत का?

जुना_वायरमन: मीटर-बिटर नंतर. आधी टेस्ट लॅम्प बनव. होल्डर, थोडी वायर, बल्ब, झालं. आम्ही एवढ्यावर बिल्डिंगा केल्या. बल्ब मात्र जुना तारेचा लाव, एलईडी नको, तो शेजारच्या वायरीतून इंडक्शननं आलेल्या व्होल्टेजवरही मिणमिणतो. डिजिटल मीटर तर बंद वायरीवर ७०-८० व्होल्ट दाखवतो आणि पोरं फॉल्ट शोधत बसतात. तारेचा बल्ब लावला की खोटं व्होल्टेज तिथंच बसतं. आणि टाँग टेस्टरच्या, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजायच्या मीटरच्या, नादी लागू नकोस, ते शेठचं काम.

पॅनेलवाली: काका, घरात ठीक आहे. स्टार्टरमध्ये दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात, तिथं २३० चा बल्ब हातात फुटेल. शिकाऊ, मीटरवर कॅट थ्री ६०० व्होल्ट (हा सुरक्षेचा दर्जा) छापलेलं बघ, आतला फ्यूज सिरॅमिकचा हवा. लाल पिन अँपिअरच्या भोकात ठेवून व्होल्टेज तपासायला गेलास तर तो सरळ शॉर्ट. रस्त्यावरचा स्वस्तातला पिवळा मीटर असाच फुटताना पाहिलाय, समोरच्याच्या भुवया गेल्या.

जुना_वायरमन: दोन बल्ब सिरीजमध्ये लावायचे. हेही सांगायचं का आता?

सदाशिव_पेठी: पुण्यात तपकीर गल्लीत सगळं मिळेल.

डोंबिवली_फास्ट: लोहार चाळीपुढे तुमची गल्ली काय!

सदाशिव_पेठी: लोहार चाळीत सुटं गिऱ्हाईक दिसलं की दुकानदार वर तरी बघतो का?

पक्कडवाला: अहो, पोरगा निफाडचा आहे! नाशिकला जाईल. मोटवाने तिथलीच कंपनी, त्यांचे मीटर बघ म्हणावं.

बांधावरचा: टेस्टर शेतात भर उन्हात पेटलेला दिसत नाही, ओंजळीत धरून बघावा लागतो. आधी चालू सॉकेटवर पेटतो का बघ, मग बंद म्हणतात त्या वायरीला लाव. आमच्या गावात एकजण मेलेल्या टेस्टरच्या भरवशावर पेटीत हात घालून बसला. वाचला, पण खांद्यापर्यंत झटका बसला.

नवा_सभासद: धागा पूर्ण वाचला नाही. पक्कड टपारियाची घ्या.

पॅनेलवाली: घ्या, पण साध्या रबरी मुठीला इन्सुलेशन समजू नका. मुठीवर १००० व्होल्टचा शिक्का असेल तरच.

शिकाऊ_निफाड: सगळ्यांचे आभार. पक्कड, टेस्टर, स्ट्रिपर आणि दोन स्क्रू ड्रायव्हर घेतले. उरलेले सगळे टाँग टेस्टरमध्ये घातले, बजेटच्या वर ३०० गेले. त्यात व्होल्ट-ओहमही आहे. आमच्याकडे मोटारींचीच कामं जास्त, आणि शेठ त्यांचा टाँग कुणाच्या हाती देत नाहीत.

जुना_वायरमन: मग विचारलंस कशाला? टेस्ट लॅम्प तरी बनव.

पॅनेलवाली: कॅट किती लिहिलंय ते बघितलंस ना? आणि टाँग एकाच वायरीभोवती धर. तिन्ही फेजची केबल एकत्र पकडलीस तर मोटार फुल लोडवर असूनही शून्य दाखवेल, आणि शेतकरी तुझ्याकडे बघत बसेल.