सुईवाल्या डॉक्टरांकडे मला गुण आला, साडूला नाही. गोळ्या घेऊ का?

केळीवाला, रावेर
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत पिलबागेतले घड वाहता वाहता कमरेत चमक निघाली ती पार पोटरीपर्यंत उतरली. एमआरआयमध्ये नस दबलेली. कुणीतरी भुसावळचे चिनी पद्धतीचे डॉक्टर सुचवले (माणूस आपल्याकडचाच, विद्या चिनी). दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघितली, जीभ बघितली, मग केसाएवढ्या बारीक सुया. गुडघ्याखाली टोचली तेव्हा दुखलं नाही, पाय नुसता जड झाला. सहा बैठकांत मी पुन्हा मोटारसायकलवर.

चोपड्याचे साडू माझ्याच शिफारशीनं गेले. गुडघे झिजलेत त्यांचे. आठ बैठका झाल्या, फरक शून्य. वर काळ्या गोळ्या, महिन्याला 2,800 रुपये, पाकिटावर सगळी चिनी अक्षरं. परवा साखरपुड्यात भरताच्या पंगतीतच आमची जुंपली. ते म्हणे लुबाडणूक, मी म्हणे देवमाणूस. आता डॉक्टर त्याच गोळ्या मलाही घ्या म्हणताहेत. तुमचा काय अनुभव?

अमळनेरची ताई
भाऊ, मी अर्धशिशीसाठी गेले होते. महिन्यात पाच-सहा वेळा उठायची, ती दोनवर आली. खरं सांगू? त्यांनी पहिल्या दिवशी वीस मिनिटं माझं ऐकून घेतलं. झोप कशी, पाळी कशी, उन्हात गेलं की काय होतं. एवढं घरातही कुणी विचारत नाही. निम्मं दुखणं त्यानंच गेलं असेल, मी वाद घालणार नाही. वैशाखात पुन्हा उठलं डोकं, पण पहिल्यासारखं नाही. गोळ्या मला दिल्या नाहीत.

रिटायर गार्ड, भुसावळ
माझा अनुभव वाईट आहे. अठरा वर्षांची शुगर, तळपाय बधिर. त्यांनी नागदवण्यासारख्या पाल्याची पेटती कांडी पायाजवळ धरली. मला काही समजलंच नाही. घरी बायकोनं मोजे काढले तर टरारून फोड. दीड महिना ड्रेसिंग. त्यांनी शुगर विचारली नाही, मीही सांगितली नाही. माझीही चूक धरा.
भिंतीवर डॉ. कोटणीसांचा फोटो बघून मी भारावलो होतो. आपल्या सोलापूरचे कोटणीस 1938 साली चीनला गेले ते युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करायला. फोटो कुणीही लावतं हो.

औषधवाला, धुळे
केळीवाले दादा, नस दबलेलं दुखणं बऱ्याच जणांचं दीड-दोन महिन्यांत आपोआपही ओसरतं. झिजलेला गुडघा तसा ओसरत नाही. म्हणजे तुमच्यात नि साडूंत डॉक्टर एक, पण दुखणी दोन. कशावरून भांडता?
सुयांसाठी राज्याचा 2015 चा वेगळा कायदा आहे, नोंदणी लागते. ती बघून घ्या, आणि सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. गोळ्यांना मात्र हात लावू नका. 1990 नंतर बेल्जियममध्ये वजन कमी करायला चिनी वनस्पती घेतलेल्या शंभरेक बायकांची मूत्रपिंडं बिघडली, बऱ्याच जणींची पार निकामी झाली. एका वनस्पतीऐवजी भलतीच, अ‍ॅरिस्टोलोकिया, आली होती. साडू किती दिवस खाताहेत?

केळीवाला, रावेर
पाकीट समोरच फोडतात, नोंदणीचा कागदही दाखवला. गोळीत काय आहे विचारलं तर "गुरूंचा फॉर्म्युला" म्हणाले नि पुढच्या पेशंटला हाक मारली. मी घेतल्या नाहीत.
साडूला फोन केला. चार महिने झाले म्हणे. गुण नाही म्हणता तर खाता कशाला? तर पैसे भरलेत ना! उद्या त्यांना जळगावला क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) करायला नेतोय. उपाशीपोटी लागतं का?

औषधवाला, धुळे
गरज नाही. आज रात्री मटण टाळा म्हणावं, आकडा वाढून दिसतो. उरलेल्या गोळ्या पाकिटासकट फिजिशियनला दाखवा.