मदत हवी आहे: बाबांचं 'लिव्हिंग विल' ठाण्यात कुठे द्यायचं?

नमस्कार मंडळी, आम्ही नौपाड्यात राहतो. बाबा ८१ वर्षांचे, ठणठणीत. परवा चहाच्या कपाखालून 'लिव्हिंग विल'चा (शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याचा) कागद सरकवून म्हणाले, "शेवटी मला नळ्या नकोत." आत्या उसळलीच, "लोक म्हणतील, पोरांनी बापाला मारलं!" बाबा म्हणाले, "ज्ञानोबांची समाधी चालते, १९६६ साली सावरकरांचं प्रायोपवेशन, म्हणजे अन्नपाणी सोडून देह ठेवणं चालतं, मग माझंच काय?" (नेदरलँड्समध्ये २००२पासून डॉक्टर इंजेक्शनही देऊ शकतात, आपल्याकडे सुप्रीम कोर्टाच्या २०१८च्या निकालानुसार फक्त उपचार थांबवता येतात.)

२०२३पासून दोन साक्षीदार आणि नोटरी पुरे, एवढं कळलंय. एका नोटरींनी तर मृत्युपत्राचाच नमुना पुढे केला! महापालिकेत प्रत नेमकी कोणाकडे द्यायची? कोणी दिलीय का? मराठी मसुदा असल्यास पाठवा. आणि आत्याला कसं समजावू?