कॉलेजचं शेवटचं वर्ष: आधी काय उरकायचं?

कुतूहल (धागाकर्ती)

शेवटच्या वर्षाला गेलेल्या मुलांच्या मोबाइलवर हल्ली ‘पदवीआधी कराव्यात अशा गोष्टी’ छापाच्या याद्या फिरत असतात. अख्ख्या ग्रुपची सहल, एकदा तरी स्टेजवर उभं राहणं, नवी भाषा, शर्यतीत धावणं. यात वाईट काहीच नाही. पण यातलं बहुतेक सगळं पंचविशीत, तिशीतही करता येतं. माझं मत असं की शेवटच्या वर्षात पहिला मान ज्या गोष्टी फक्त विद्यार्थी असेपर्यंतच करता येतात त्यांना द्यावा.

उदाहरणार्थ ग्रंथालय. कॉलेजने वर्गणी भरलेली शोधनियतकालिकं बहुतेक ठिकाणी पदवीनंतर बंद होतात आणि मग एकेका लेखासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. प्रयोगशाळेतली यंत्रं एकट्यादुकट्याला कधीच परवडणारी नसतात. विद्यार्थी परवान्यावर मिळणारं मॅटलॅब किंवा ऑटोकॅडसारखं सॉफ्टवेअर पुढे तसं मिळत नाही. आपल्या अभ्यासक्रमात नसलेल्या विषयाच्या वर्गात, परवानगी घेऊन, मागच्या बाकावर बसता येतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शिक्षकांच्या केबिनमध्ये जाऊन ‘मला हे कळलं नाही’ म्हणता येतं. नोकरीत हे वाक्य बोलताना माणूस दहादा विचार करतो.

सहलीला जाऊ नका असं मी म्हणत नाही. तिचा नंबर दुसरा.

हिशेबनीस

असहमत. शेवटच्या वर्षात पहिली गोष्ट नोकरी, बाकी सगळं नंतर. अर्थतज्ज्ञ लिसा कान यांनी अमेरिकेत १९७९ ते १९८९ या काळात पदवी घेतलेल्या गोऱ्या पुरुषांच्या पुढच्या कमाईचा अभ्यास केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. मंदीच्या काळात बाहेर पडलेल्यांना, बेरोजगारीचा दर एका टक्क्याने जास्त असेल तर, सुरुवातीचा पगार साधारण ६ ते ७ टक्के कमी मिळाला होता आणि ती तूट १५ वर्षांनीही पुरती भरून निघाली नव्हती. सुरुवात कुठून होते याचा परिणाम इतका लांबवर जातो.

ज्याला शैक्षणिक कर्ज फेडायचंय, त्याने बायोडेटा नीट करावा, मुलाखतीचा सराव करावा, इंटर्नशिप पकडावी. त्याला ‘शोधनियतकालिकं वाच’ असा सल्ला देणं मला तरी जमणार नाही.

कुतूहल

@हिशेबनीस, तुम्ही दिलेल्या अभ्यासातून तुमचा निष्कर्ष निघत नाही. ती तूट बाजार पडलेला असताना बाहेर पडल्याची आहे. कोणी किती तयारी केली होती, याची मोजणी त्यात नाही. मंदी कधी यावी हे विद्यार्थ्याच्या हातात नसतं.

त्याच्या हातात काय असतं ते बघू. मुलाखतीत दाखवायला काहीतरी पूर्ण झालेलं लागतं: चालणारा प्रकल्प, नीट लिहिलेला अहवाल. ते करायची जागा, साधनं आणि चुका दाखवणारी माणसं आत्ता फुकट आहेत. कर्ज असलेल्या मुलाला तर याची गरज जास्त, कारण पुढे हे सगळं पैसे टाकून मिळवणं त्यालाच सर्वांत जड जाणार.

हिशेबनीस

पण मग तुमचीच कसोटी लावा ना. बऱ्याच कंपन्या नव्या पदवीधरांची भरती शेवटचं वर्ष चालू असतानाच करतात. कॉलेजात होणाऱ्या मुलाखती, माजी विद्यार्थ्यांच्या भेटी, प्लेसमेंट विभागाची मदत हेही पदवीनंतर तसं राहत नाही. मग ते तुमच्या यादीत का नाही?

कुतूहल

हा मुद्दा रास्त आहे, यादीत घेते. फक्त त्या हंगामापायी अख्खं वर्ष गहाण पडू नये. अ‍ॅप्टिट्यूडचे तेच ते प्रश्न सोडवण्यात सहा महिने घालवून प्रकल्प शेवटच्या आठवड्यात कुणाच्या तरी फाइलवरून उतरवणारी मुलं सगळ्यांनीच पाहिली आहेत.

पानगळ

दोघंही कामाचंच बोलताय. माणसांचं काय?

संवादाचे अभ्यासक जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासात नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात आणि जिवलग मैत्रीला २०० हून अधिक, असा अंदाज आहे. नोकरी लागल्यावर हे २०० तास आणायचे कुठून? कॉलेजात ते कॅन्टीनमध्ये, जिन्यावर, सबमिशनच्या रात्री न ठरवता जमतात. गिलोविच आणि मेडवेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात खंतीचा अभ्यास केला. नजीकच्या काळात केलेल्या गोष्टींचा पश्चात्ताप जास्त होतो, पण आयुष्याकडे वळून पाहताना न केलेल्या गोष्टी जास्त सलतात, असं त्यांना आढळलं. त्यामुळे कुतूहलताई, तुमच्याच कसोटीवर सहल पहिल्या नंबरावर यायला हवी. ग्रंथालयाचं सभासदत्व दुसरीकडे विकत मिळेल. रोज भेटणारी वीस माणसं मिळणार नाहीत.

हिशेबनीस

@पानगळ, न केलेल्या गोष्टीची किंमत कधी मोजलेली नसते, म्हणून ती मनात वाढत जाते. हे एक कारण त्या संशोधकांनीही दिलंय. खंत वाटते एवढ्यावरून ती गोष्ट करायला हवी होती असं ठरत नाही.

आणि जिवलगांचाच आग्रह कशाला? समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा १९७३ चा प्रसिद्ध निबंध बघा. नमुना लहान होता, पण ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त १६.७ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला वारंवार भेटत होते. ५५.६ टक्के अधूनमधून आणि २७.८ टक्के क्वचित. जवळच्या मित्रांना आपल्याला ठाऊक असतं तेवढंच ठाऊक असतं. नवी बातमी लांबच्या ओळखीतून येते. तेव्हा त्याच सहा जणांबरोबर चौथी सहल काढण्यापेक्षा दुसऱ्या शाखेच्या मुलांबरोबर एखादं काम करा.

पानगळ

मैत्री नोकरीच्या बातम्या आणते का, हा प्रश्नच मला परका आहे. आजारपणात, घरात कोणी गेल्यावर, नोकरी सुटल्यावर रात्री फोन कुणाला करायचा, याबद्दल मी बोलतेय. दुसऱ्या शाखेच्या मुलांत मिसळा हे मात्र मान्य. ज्यांच्याशी तीन वर्षं फक्त मान हलवून हसलो, त्यांच्याशी बोलायची ही शेवटची सोय आहे.

तासिका

मी शिकवते, म्हणून टेबलाच्या या बाजूचं सांगते.

दर वर्षी असे मेल येतात: ‘मॅडम, मी अमुक बॅचचा, शिफारसपत्र हवं आहे, शेवटची तारीख परवा.’ मी जुनी गुणपत्रिका उघडते. नाव सापडतं, गुण सापडतात, चेहरा आठवत नाही. मग पत्रात लिहिणार काय? ‘नियमित आणि मेहनती’ एवढंच. असं पत्र वाचणाऱ्याला कळतं की हिला हा मुलगा ठाऊक नाही.

याउलट एक मुलगी शेवटच्या सत्रात फसलेल्या प्रयोगाची वही घेऊन आली होती. तिसऱ्या दिवसापासूनची सगळी मापं एकाच बाजूला सरकलेली. तिने उपकरण पुन्हा शून्यावर आणून बघितलं होतं, खोलीचं तापमान लिहून ठेवलं होतं, आणि तरी फरक का राहतो हे विचारायला आली होती. उत्तर आम्हाला दोघींनाही लगेच सापडलं नाही. पण तिचं पत्र लिहायला बसले तेव्हा मला एक शब्दही शोधावा लागला नाही.

म्हणून कुतूहल यांच्या बाजूने माझं मत. शिवाय कोणी न सांगितलेली कामं सांगते. कॉलेजच्या मेलवर उघडलेली खाती आणि ठेवलेल्या फाइली वेळेत हलवा, तो मेल कायमचा राहील असं धरून चालू नका. प्रकल्पाची मूळ फाइल, आकडे आणि वही यांची प्रत स्वतःकडे ठेवा. पदवी छापून येण्याआधी नोंदीतलं नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी ताडून बघा. एका अक्षराच्या फरकापायी प्रवेश हातात असलेली मुलं प्रतिज्ञापत्रं करत फिरताना मी पाहिली आहेत. ट्रान्सक्रिप्टच्या (सगळ्या सत्रांच्या गुणांच्या अधिकृत नोंदीच्या) जास्तीच्या प्रती आत्ताच घ्या. परदेशी शिकायचा नुसता विचार असेल तर हेही लक्षात ठेवा: जीआरई या प्रवेशपरीक्षेचे गुण ५ वर्षं चालतात, टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे २. जीआरई अभ्यासाची सवय असतानाच देऊन टाकावी, भाषेच्या परीक्षेची घाई नको.

रात्रपाळी

मी स्वतः शेवटच्या वर्षाला आहे. सकाळी कॉलेज, संध्याकाळनंतर काम. आठवड्यात मोकळे म्हणाल तर चारपाच तास. तुमच्या सगळ्यांचे सल्ले बरोबर असतील, पण ते एकत्र केले तर मला झोप सोडावी लागेल. एकच निवडायचं तर काय? आणि ज्या शिक्षकांना माझं नावही माहीत नाही, त्यांच्याकडे आता जाणं विचित्र दिसणार नाही का?

हिशेबनीस

तुमचं काम हाच तुमचा अनुभव आहे. बायोडेटात तो वरती लिहा, लपवू नका. आणि भरतीच्या तारखा मोबाइलवर लावून ठेवा. बाकी माझा हट्ट नाही.

पानगळ

कामावर जायच्या वाटेवर कोणी बरोबर येत असेल तर त्याच्याशी बोला. वेगळा वेळ काढू नका.

तासिका

@रात्रपाळी, विचित्र अजिबात दिसत नाही. एकच करायचं तर प्रकल्प ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे महिन्यातून दोनदा, पंधरा मिनिटं जा. रिकाम्या हाताने जाऊ नका, अडलेलं एक पान घेऊन जा. रात्री काम करता हे त्यांना सांगा, ते कळल्याशिवाय तुमच्या गुणांचा अर्थ त्यांना लागणार नाही. आणि पत्र मागाल तेव्हा ‘तुम्हाला माझ्याबद्दल ठामपणे लिहिता येईल का?’ असं विचारा, म्हणजे ज्यांना जमणार नाही त्यांना नाही म्हणायला वाट राहते. किमान तीनचार आठवडे आधी विचारा. सोबत बायोडेटा, प्रकल्पाचा अहवाल आणि शेवटच्या तारखा द्या.

रात्रपाळी

हे जमेल. सर बुधवारी दुपारी केबिनमध्ये असतात. अडलेली पानं बरीच आहेत, त्यातलं एक निवडून नेते.