ज्युदोच्या सरांविरुद्ध तक्रार कुठे करू? (मदत हवी आहे)

नमस्कार. थोडं मोठं झालंय, सांभाळून घ्या. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

मुलगी १३ वर्षांची, तीन वर्षं ज्युदो खेळतेय, आवडीने. गेल्या महिन्यात तिचं दप्तर आवरताना तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पोळ्या सापडल्या. बुरशी आलेल्या. मी ओरडणार, तोच ती रडायला लागली. स्पर्धेसाठी तिला ४० किलोच्या आत बसायचंय. सर रोज सगळ्यांसमोर काट्यावर उभं करतात, आकडा मोठ्याने वाचतात. वाढला असला की "आली म्हैस", आणि मग रेनकोट घालून मैदानाला फेऱ्या. पाणी बंद. बाकीची मुलं हसतात, न हसणाऱ्याचा नंबर पुढचा.

दोघी-तिघी आयांशी बोलले. "अहो, कडक असल्याशिवाय मेडल येतं का?" एक म्हणाली, दहावीचे खेळाचे वाढीव गुण, पुढे सरकारी नोकरीतलं ५ टक्के आरक्षण, सरांनी टीममधून नाव कापलं तर सगळंच गेलं. खरं सांगते, एवढंच असतं तर मीही क्लास बदलून गप्प बसले असते.

पण परवा रात्री अंथरुणात ती म्हणाली, "आई, ती ताई यायची बंद झाली ना, तिला सर रात्री मेसेज करायचे. फोटो पाठव म्हणायचे. मला दाखवलेले तिने. कुणाला सांगू नको म्हणाली." ताई १५ची आहे. तिच्या घरी माहीत आहे का, कल्पना नाही.

आमच्या ह्यांचं म्हणणं, मुलीला काढू आणि विषय सोडू. २०२३ला कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांवरच्या लैंगिक छळाच्या आरोपांवरून आंदोलन करणाऱ्या ऑलिंपिक पदकवाल्या साक्षी मलिकला जंतरमंतरवरून पोलिसांनी उचलून नेलं, तिथे आपलं कोण ऐकणार?

ती ताई माझी मुलगी नाही, मेसेज माझ्याकडे नाहीत. तरी तक्रार करता येते का? आधी क्लबच्या अध्यक्षांना भेटू का? (ते सरांचे मेहुणे.)

कोर्टाचीपायरी:
करता येते का नाही, करावीच लागते. पॉक्सो कायदा २०१२ (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा), कलम १९. अल्पवयीन मुलाबाबत असा गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली, तर कुणीही पोलिसांना कळवायचं. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही. लैंगिक हेतूने मुलीला फोनवरून वारंवार गाठणं कलम ११ मध्ये आहे, हात लावलाच पाहिजे असं नाही. प्रामाणिकपणे कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. अध्यक्षांकडे मात्र अजिबात जाऊ नका, संध्याकाळपर्यंत फोनमधलं सगळं पुसलं जाईल. पोलीस ठाण्यात जायला धीर होत नसेल तर १०९८ला (मुलांसाठीची हेल्पलाइन) फोन करा. आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळही टाकू नका, मुलीची ओळख फुटली तर कलम २३ तुमच्यावरच.

जुनीखोखोवाली:
वजनाचं प्रकरणही "कडक शिस्त" म्हणून सोडू नका. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७५: ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक त्रास दिला, तर तोही गुन्हाच. लेखी अर्जात तारखा घाला, काटा, रेनकोट, पाणी, सगळं. प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला द्या. क्रीडा अधिकाऱ्यांनाही द्या, पण त्यांच्या भरवशावर थांबू नका.

मुलीला रोज खोदून विचारू नका. आमच्या वेळी एका मैत्रिणीने घरी सांगितलं, तर आई, मावशी, आजी सगळ्यांनी आळीपाळीने तेच विचारलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "काही नाही झालं, मी खोटं बोलले." तुमची बोललीये ते तिच्या शब्दांत आजच लिहून ठेवा, तारखेसकट. आणि ताईचा भरवसा तोडला असं तिला वाटत असणार, तेवढं समजवा.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. १०९८ला बोलले, त्यांनी सगळं लिहून घेतलं. ह्यांना कलम १९ वाचून दाखवलं, सोमवारी ठाण्यात सोबत येतायत. मुलीला न्यावं लागेल का?

कोर्टाचीपायरी:
आत्ता नको. मुलांचा जबाब घरी घेतात, शक्यतो महिला उपनिरीक्षक, तेही साध्या कपड्यांत. ठाण्यात कुणी "घेऊन या" म्हणालं तर कलम २४ दाखवा. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका.