मदत हवी आहे: अनुदानित संशोधनाचा एक निष्कर्ष ठळक, दुसरा अनिर्णित. लोकांपुढे मांडायचे कसे?

सम_विषम

नमस्कार मंडळी,

आमचा एक अनुदानित संशोधन प्रकल्प संपत आलाय. मोजमापं झाली, विश्लेषण झालं, शोधनिबंध जर्नलकडे गेला. आता निधी देणाऱ्या संस्थेने अंतिम अहवालाबरोबर 'निष्कर्ष समाजापर्यंत कसे पोहोचवणार' याचा आराखडा मागितला आहे आणि ते काम माझ्याकडे आलंय. मी आकडेमोड करणारी. असं लिखाण पहिल्यांदाच करतेय. जाणकारांनी मदत करावी.

विषय आहे शाळेच्या वर्गातली हवा. बंद खोलीत पुष्कळ जण बसले की उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साठत जातो. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग) असतो, आपण सोडलेल्या श्वासात जवळपास ४०,०००. त्यामुळे वर्गातला आकडा पाहिला की आत घेतलेल्या हवेतला किती भाग आधी कुणाच्या तरी फुफ्फुसातून आलाय याचा अंदाज बांधता येतो. आम्ही सगळ्या वर्गांत सेन्सर लावले. त्यातल्या निम्म्या वर्गांत आकडा ठरावीक पातळीवर गेला की दिवा लागायचा आणि शिक्षक खिडक्या उघडायचे. दिवा कुठल्या वर्गाला द्यायचा ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं यादृच्छिक पद्धतीने ठरवलं होतं.

पहिला निष्कर्ष स्वच्छ आहे. दिव्याच्या वर्गांत कार्बन डायऑक्साइड बराच कमी राहिला आणि वर्ष संपेपर्यंत कमीच राहिला. शिक्षक कंटाळून सोडून देतील अशी आम्हाला धास्ती होती, तसं झालं नाही. दुसरा निष्कर्ष आजारपणाच्या गैरहजेरीचा. तिथे दोन गटांत फरक दाखवता आला नाही. कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असू शकतो तो पट्टा, इतका रुंद आहे की बऱ्यापैकी फायदाही त्यात बसतो आणि थोडा तोटाही.

इथे टीममध्ये मतभेद आहेत. जनसंपर्क विभागाने प्रसिद्धीपत्रकाचा जो मसुदा पाठवला त्याचा मथळा आहे, 'एका दिव्याने वर्ग झाले निरोगी'. हे आम्ही कुठेच दाखवलेलं नाही, आणि ते आमच्या नावाने बाहेर जाणार या विचाराने मला खरंच झोप लागत नाही. उलट एका सहकाऱ्याचं म्हणणं असं की 'आजारपणावर परिणाम नाही' असं ठळक छापलं तर शाळा सेन्सर उतरवून ठेवतील आणि जे चांगलं झालंय तेही जाईल. दोघांच्या मधली वाट कोणती? आणि शाळा, पत्रकार, निधी देणारी संस्था, या सगळ्यांना एकच सारांश चालतो का?

आगाऊ धन्यवाद.

रानवाट

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं त्यावरच अवलंबून आहे. एकच सारांश चालत नाही.

'होरायझन युरोप' या युरोपीय संघाच्या संशोधन कार्यक्रमात तीन कामं वेगवेगळी धरतात. प्रकल्प काय आहे आणि तो का महत्त्वाचा, हे सर्वसामान्यांना सांगणं हे एक. निष्कर्ष ज्यांना वापरता येतील त्यांच्या हाती देणं हे दुसरं. आणि त्या निष्कर्षांचा प्रत्यक्षात उपयोग होणं, म्हणजे नियम, उत्पादन, पुढचं संशोधन, हे तिसरं. तुमचा निधी कुठलाही असो, ही विभागणी उसनी घ्या. आराखडे फसतात ते बहुतेक वेळा पहिलं करून दुसरं झालं असं समजल्यामुळे. वेबसाइट झाली, व्हिडिओ झाला, समाजमाध्यमांवर पोस्ट झाल्या, आणि ज्या मुख्याध्यापकांनी निर्णय घ्यायचा त्यांच्या टेबलावर काहीच गेलं नाही.

म्हणून 'आम्हाला काय सांगायचंय' बाजूला ठेवा आणि प्रत्येक वाचकापुढे त्याचा निर्णय लिहा. मुख्याध्यापक: सेन्सर घ्यायचे का, असलेले ठेवायचे का. वर्गशिक्षक: खिडकी कधी उघडायची. इमारतींचे नियम करणारे: नव्या वर्गांना हवा खेळती ठेवायची सक्ती करायची का. इतर संशोधक: हाच प्रयोग जास्त वर्ग घेऊन करावा का. तुमचा दुसरा निष्कर्ष या शेवटच्या वाचकासाठी सर्वात मोलाचा आहे, त्याला शेवटच्या पानावर ढकलू नका.

निधी देणाऱ्या संस्थेच्या बाबतीत फार काही नाही. करारातलं कलम उघडा: ऋणनिर्देशाचा नेमका मजकूर, बोधचिन्ह, मुक्त प्रवेशाची (निबंध सगळ्यांना फुकट वाचता यावा ही) अट. ते अक्षरशः पाळा.

मोजपट्टी

रानवाट यांच्याशी सहमत. मी फक्त आकड्यांविषयी लिहितो.

फरक दिसला नाही आणि फरक नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डग्लस ऑल्टमन आणि मार्टिन ब्लँड यांनी १९९५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये यावर एक छोटं टिपण लिहिलं होतं, पण गल्लत अजून चालूच आहे. तुमच्या सहकाऱ्याची भीती रास्त आहे, पण ती 'परिणाम नाही' या वाक्याला लागू पडते, आणि ते वाक्य मुळात चूक आहे. 'आमच्या अभ्यासातून सांगता येत नाही' हे बरोबर. इंटरव्हल रुंद का आला तेही एका ओळीत सांगा: वर्ग कमी होते, मुलं घरी राहण्याची कारणं अनेक असतात, आणि मूल वर्गाबाहेरही आजारी पडतं.

लपवायचा प्रश्नच येत नाही. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनासाठी असलेल्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २०१३ च्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलंय की नकारात्मक आणि अनिर्णित निष्कर्षही होकारात्मक निष्कर्षांप्रमाणेच खुले करायचे. तुमच्या टीममध्ये वाद झाला तर हे समोर ठेवा.

पहिल्या निष्कर्षातही जपा. 'अमुक टक्के घट' एवढंच लिहू नका, किती पीपीएमवरून किती पीपीएमवर आलं ते लिहा. ब्रिटनमध्ये १९९५ साली औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. प्रत्यक्षात तो सात हजारांत एक वरून सात हजारांत दोन झाला होता. 'दुप्पट' घराघरात पोहोचलं, सात हजार पोहोचलेच नाहीत. घाबरून गोळ्या सोडल्या गेल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० जादा गर्भपात झाल्याचा अंदाज आहे. आकडा खरा होता, मांडणीने घात केला.

आलेख एकच द्या. दोन रेषा, खाली शाळेचे तास, बाजूला पीपीएम. लाल-हिरवा ही जोडी टाळा, रंगांधळ्या वाचकांना त्या दोन रेषा वेगळ्या दिसत नाहीत. आणि रेषेचं नाव रेषेच्या टोकाशीच लिहा.

छापखाना

मी बातमीदारी केलेली आहे, म्हणून प्रसिद्धीपत्रकाविषयी.

२०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांची २०११ मधली आरोग्यविषयक ४६२ प्रसिद्धीपत्रकं तपासली होती. ४० टक्के पत्रकांत शोधनिबंधात होता त्यापेक्षा जास्त ठाम सल्ला होता, ३३ टक्क्यांत कार्यकारणाचे फुगवलेले दावे. आणि बातम्यांमधली अतिशयोक्ती बहुतांशी पत्रकातूनच आलेली होती. पत्रकातला सल्ला फुगवलेला असेल तर ५८ टक्के बातम्यांत तो तसाच उतरला. पत्रक संयमी असेल तर १७ टक्क्यांत.

जनसंपर्क विभागाशी बोलताना याच अभ्यासातला आणखी एक मुद्दा हाताशी ठेवा. फुगवलेल्या पत्रकांना जास्त बातम्या मिळाल्या, असा पुरावा त्यांना सापडला नाही. म्हणजे 'मथळा भडक नसेल तर कुणी छापणार नाही' या युक्तिवादाला आधार नाही.

मथळा असा करून बघा: 'दिव्याच्या इशाऱ्याने वर्गातली हवा वर्षभर ताजी राहिली, आजारपण घटतं का, हे अजून अनुत्तरित'. दुसरा निष्कर्ष पहिल्या परिच्छेदातच हवा, कारण कापाकापी खालून होते. तुमचं उद्धृत वाक्य तुम्ही स्वतः लिहा आणि मर्यादा त्यातच घाला. उद्धृत वाक्याला संपादक सहसा हात लावत नाहीत.

सम_विषम

तिघांचेही मनापासून आभार. मोजपट्टी, ते जाहीरनाम्यातलं कलम आजच्या बैठकीत वाचून दाखवलं आणि वाद तिथेच मिटला. रानवाट, 'वाचकाचा निर्णय' हा स्तंभ आराखड्यात पहिलाच टाकलाय.

आणखी एक शंका. डेटा खुला करायचाय, पण त्यात मुलांच्या गैरहजेरीच्या नोंदी आहेत. आणि निबंध छापून यायच्या आधी शाळांना निष्कर्ष सांगितले तर जर्नल हरकत घेईल का?

मोजपट्टी

सेन्सरचा डेटा पूर्ण द्या. गैरहजेरी मात्र मुलागणिक किंवा दिवसागणिक देऊ नका. छोट्या वर्गात एका दिवशी एकच मूल गैरहजर असेल तर नाव काढूनही ते ओळखू येतं. सत्रनिहाय बेरीज करा, आणि मूळ संमतीपत्रात काय लिहिलं होतं ते तपासा. ठेवायला झेनोडो हे ऑनलाइन डेटा-भांडार चांगलं: सर्न ही युरोपातली भौतिकशास्त्र संशोधन संस्था ते चालवते, फुकट आहे, डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो, म्हणजे प्रकल्पाची वेबसाइट बंद पडली तरी डेटा सापडेल.

छापखाना

सहभागी झालेल्यांना निष्कर्ष कळवण्यावर जर्नलची सहसा हरकत नसते, पण संपादकांना दोन ओळींची मेल टाकून लेखी होकार घ्या. क्रम मात्र सोडू नका: आधी शाळा, मग पत्रकार.

पाटी_पेन्सिल

मी शिक्षिका आहे, संशोधनातलं मला काही कळत नाही, पण 'आधी शाळा' वाचून लिहावंसं वाटलं. आमच्याकडेही असाच एक अभ्यास झाला होता. माणसं आली, यंत्रं लावली, आम्ही वर्षभर तक्ते भरून दिले. पुढे काय निघालं ते आजतागायत कुणी सांगितलं नाही. त्यानंतर कुणी प्रश्नावली घेऊन आलं की स्टाफरूममध्ये कुणी मान वर करत नाही. सम_विषम, तुम्ही आमच्यासारख्यांसाठी जे लिहाल ते कृपया इथे टाका. मी वाचून सांगेन कळतंय का.

सम_विषम

पाटी_पेन्सिल, तुमचा प्रतिसाद पूर्ण टीमला पाठवला. शाळांसाठीच्या पानाची सुरुवात अशी केली आहे:

'दिवा असलेल्या वर्गांतली हवा जास्त ताजी राहिली आणि हा फरक वर्षभर टिकला. त्यामुळे मुलांचं आजारपण कमी होतं का, हे आम्हाला सांगता आलेलं नाही. फायदा असू शकतो, नसूही शकतो. खिडक्या उघडल्यावर बाहेरचा आवाज आत येतो आणि थंडीत वर्ग गार पडतो, अशी अडचण शिक्षकांनी सांगितली आणि वर्ग गार पडल्याचं आमच्या तापमानाच्या नोंदींतही दिसतं.'

पाटी_पेन्सिल

कळलं, आणि आवाजाचं लिहिलंत ते फार बरं केलंत, नाहीतर पहिला प्रश्न तोच आला असता. पण यापुढे मी काय करू? दिवा लागला, खिडकी उघडली, मग बंद कधी करायची? दिवा विझेपर्यंत थंडीत मुलांना बसवायचं का? आणि ज्या शाळेत सेन्सरच नाही तिने काय करावं?

रानवाट

खिडकी उघडल्यावर किती मिनिटांत आकडा उतरला ते तुमच्या नोंदींत असणारच. ते द्या. सेन्सर नसलेल्या शाळेलाही तेवढं पुरेल.

सम_विषम

नोंदींत आहे, पण तसं काढून पाहायचं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण निबंधाला त्याची गरज नव्हती. समोरासमोर खिडक्या असलेले वर्ग आणि एकाच बाजूला खिडक्या असलेले वर्ग वेगळे दाखवावे लागतील. समोरासमोरच्यांत वारा आरपार जातो, तिथे आकडा बराच लवकर उतरणार. दोन्ही काढते आणि पान पूर्ण करून इथेच टाकते.