न्यू मेक्सिकोच्या उमेदवारांनी पिढ्या मोजाव्यात का?

मूळ मांडणी

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातून काँग्रेसमध्ये निवडून गेलेल्या दोघींच्या परिचयातील एकेक वाक्य शेजारी ठेवून पाहावे. अल्बुकर्कीच्या मतदारसंघातून २०१८ साली प्रतिनिधिगृहात गेलेल्या, लगुना पुएब्लो समाजाच्या (पुएब्लो म्हणजे इथले मूळनिवासी गावसमाज) डेब हालंड स्वतःला ‘पस्तिसाव्या पिढीची न्यू मेक्सिकोवासी’ म्हणवतात. राज्याच्या उत्तरेतून २०२० साली निवडून आलेल्या टेरेसा लेजर फर्नांडिझ ‘सतराव्या पिढीची’. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली, तर सतरा पिढ्या मागे गेल्यावर आपण १५९८ च्या आसपास पोहोचतो, म्हणजे हुआन दे ओन्याते स्पॅनिश वसाहत घेऊन रिओ ग्रांदेच्या खोऱ्यात उतरला त्या काळापर्यंत. पुढच्याच वर्षी त्याच्या सैन्याने आकोमा या पुएब्लो गावात शेकडो माणसे मारली आणि पंचवीस वर्षांवरील पुरुषांना पाय तोडण्याची शिक्षा फर्मावली गेली.

माझे म्हणणे असे की प्रजासत्ताकात वंशावळ ही पात्रता होऊ नये. गेल्या वर्षी मेक्सिकोतील चिवावाहून येऊन नागरिक झालेल्या माणसाचे मत सतराव्या पिढीच्या मताइतकेच मोलाचे आहे, आणि उमेदवार पिढ्या मोजू लागला की हे समान मोल नकळत नाकारले जाते.

प्रतिसाद १

मला हे मान्य नाही. मुळात या दोन आकड्यांना एकाच मापाने मोजणेच अन्यायाचे आहे. १९२४ साली मूळनिवासींना नागरिकत्व मिळाले, तरी न्यू मेक्सिकोच्या राज्यघटनेतील ‘कर न भरणारे इंडियन’ (म्हणजे मूळनिवासी) या कलमाच्या आधारे त्यांना मतदानापासून दूर ठेवले गेले. इस्लेटा पुएब्लोचे शिक्षक मिगेल त्रुहियो दुसऱ्या महायुद्धात मरीन दलात होते. मतदारनोंदणी नाकारली गेल्यावर ते न्यायालयात गेले, आणि १९४८ साली ते कलम रद्द झाले. ज्या समाजाला स्वतःच्याच भूमीवर १९४८ पर्यंत मत नव्हते, त्या समाजाची स्त्री सत्तर वर्षांनी निवडून येऊन ‘आम्ही पस्तीस पिढ्या इथे आहोत’ असे म्हणते, तेव्हा ती कोणाला कमी लेखत नाही. ज्यांना बाहेरचे ठरवले गेले होते, ते बाहेरचे नव्हते, एवढेच ती नोंदवते.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातील पुएब्लोंविषयीचा भाग मला पूर्ण मान्य आहे, पण त्यातून स्पॅनिश वंशाची हिस्पॅनिक कुटुंबे केवळ वसाहतकर्त्यांचे वारस ठरतात, आणि तेही अपुरे आहे. मेक्सिकोशी झालेल्या १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गो तहानंतर हा प्रदेश अमेरिकेकडे गेला. त्या तहात या कुटुंबांच्या मालमत्तेच्या संरक्षणाची हमी होती, तरी पुढे गावांच्या सामाईक चराऊ जमिनी आणि जंगले मोठ्या प्रमाणावर न्यायालयांतून व वकिलांच्या व्यवहारांतून हातची गेली. उत्तरेकडील गावांत हा सल आजही जिवंत आहे. १९६७ साली तिएरा आमारियाच्या न्यायालयावर झालेला सशस्त्र हल्ला याच रागातून आला. सतरा पिढ्यांचा उल्लेख त्या मतदारांना ओन्यातेची नव्हे, तर आजोबांच्या कुरणाची आठवण देतो.

मूळ लेखकाचे उत्तर

दोन्ही प्रतिसादांतील इतिहास खरा आहे, आणि म्हणूनच माझा आग्रह अधिक पक्का होतो. त्रुहियो यांचा खटला आणि कुरणांचे दावे या कायद्याच्या गोष्टी आहेत; त्यांवर काँग्रेसमधील सदस्य काही करू शकतो. १९७० साली काँग्रेसच्याच कायद्याने ताओस पुएब्लोला ब्लू लेक हे सरोवर परत मिळाले, ते कोणाच्या पिढ्यांच्या आकड्यामुळे नव्हे, तर साठहून अधिक वर्षे चिकाटीने केलेल्या मागणीमुळे. उमेदवाराला विचारायचे ते हे: चराऊ हक्कांबाबत तुमचे विधेयक काय असेल, आणि लगुनाच्या युरेनियम खाणीने आजारी पाडलेल्या कामगारांच्या भरपाईबाबत काय?

प्रतिसाद १ चे पुन्हा उत्तर

प्रश्न योग्य आहेत. मात्र ते सभागृहात पोटतिडकीने मांडणारा माणूस कोठून येतो, याकडे आपण दुर्लक्ष करता. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये न्यू मेक्सिकोने पाठवलेल्या दोन पुतळ्यांपैकी एक सिनेटर डेनिस चावेझ यांचा आहे आणि दुसरा १६८० च्या पुएब्लो उठावाचा नेता पोपे याचा. तो दुसरा पुतळा २००५ साली तेथे पोहोचला. लगुनाचा आवाज प्रतिनिधिगृहात पोहोचायला त्यानंतरही तेरा वर्षे जावी लागली.