मालवणची एका दिवसाची स्नॉर्कलिंग सहल : आपण सांगलीकरांनी आता थांबावं का?

कृष्णाकाठ (सांगली)

गेल्या फेब्रुवारीत आमच्या गल्लीतल्या पाच घरांनी मिळून मालवणची सहल काढली. सतरा माणसं, एक टेम्पो ट्रॅव्हलर. शनिवारी रात्री बाराला विश्रामबागेतून निघालो, राधानगरीवरून फोंडा घाट उतरलो आणि उजाडायच्या आत मालवणात पोचलो. डॉल्फिन, सिंधुदुर्ग किल्ला, किल्ल्यामागे स्नॉर्कलिंग (मास्क आणि नळी लावून वरून तरंगत तळ बघणं), दुपारी माशाचं ताट, देवबागला त्सुनामी आयलंड आणि रात्री परत. माणशी ठरलेले पैसे, सगळ्याला मिळून एकच गाइड.

पाण्यातलं सांगतो. माझी नऊ वर्षांची मुलगी ट्यूबला धरून तरंगत होती. गाइडनं प्लॅस्टिकच्या बाटलीत पावाचे तुकडे भरले होते, ते त्यानं पाण्यात पिळले. क्षणात पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे धावून आले. पोरगी आनंदानं हात हलवत होती. मग गाइड म्हणाला, "पाय टेकव, फोटो चांगला येतो." तिनं पाय टेकवला. घरी आल्यावर फोटो मोठा करून बघितला. पोरगी हसतेय आणि तिच्या टाचेखाली प्रवाळाचा एक गोळा आहे, साधारण नारळाएवढा. टाच घसरली तिथं पांढरा ओरखडा दिसतोय, पाटीवर खडू ओढल्यासारखा. त्याच्या खाचांत पावाचा लगदा अडकलाय.

तो फोटो आम्ही कुणाला पाठवला नाही.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. असे गोळे वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे तो गोळा माझ्या मुलीपेक्षा वयानं मोठा असणार. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालंय, क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर, आणि किल्ल्याभोवतीचा पट्टा त्याचा गाभा आहे. सागरेश्वरच्या अभयारण्यात हरणाच्या पाठीवर पोरगं बसवून फोटो काढायला आपल्यातला कुणी धजेल का? मग समुद्रात का धजतो?

माझं मत स्पष्ट आहे. रात्री निघून रात्री परत, असल्या उरकाउरकीच्या सहली आपण बंद कराव्यात. निदान पाण्यात उतरणं तरी.

पेठभाग (सांगली)

तुमच्या मनाला लागलं ते कळतं, पण मत पटलं नाही.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. मला सुट्टी रविवारची. तीन दिवस राहून, चांगल्या रिसॉर्टमध्ये उतरून, अभ्यासू गाइड घेऊन समुद्र बघणं हे ज्याला परवडतं त्यानं जरूर करावं. मला परवडते ती हीच रात्री निघून रात्री परत येणारी सहल. ती बंद करा म्हणजे काय? तर माझ्या पोरानं समुद्राचा तळ मोबाइलवरच बघावा.

माझा मुलगा सातवीत आहे. पहिल्यांदा मास्क लावून पाण्यात तोंड घातलं आणि लगेच वर काढून ओरडला, "पप्पा, खाली गाव आहे!" त्या दिवसापासून ग्रंथालयातून माशांचीच पुस्तकं आणतोय. ज्यानं बघितलंय तोच जपेल ना? गाइड चुकला असेल तर गाइडला बोला. सहलीला दोष कशाला?

माहेर मालवण (मिरज)

दोघांचंही वाचलं. माझं माहेर मालवणचं, दांडी भागातलं. मला थोडं सविस्तर लिहू द्या.

माझे बाबा रापणीला जायचे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्या वाडीनं मिळून ओढायचं मोठं जाळं. मी लहान असताना एका ओढीत टोपल्या भरायच्या. पुढं पर्ससीन जाळ्यांच्या, म्हणजे माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालणाऱ्या जाळ्यांच्या मोठ्या बोटी आल्या, मग रात्री दिवे लावून मासळी गोळा करणाऱ्या आल्या, आणि रापणीच्या वाट्याला येणारी मासळी घटत गेली. माझ्या भावानं होडीला इंजिन बसवून पर्यटक न्यायला सुरुवात केली ती हौस म्हणून नव्हे. आज त्याच्या दोन मुलींचं शिक्षण त्यावर चाललंय. 1987 ला अभयारण्य झालं तेव्हा आमच्या लोकांनी विरोध केला, कारण आमचा समुद्र आम्हालाच बंद होतोय अशी भीती होती. आता तुम्ही म्हणता पर्यटकांनीही येऊ नये. मग आम्ही करायचं काय?

पावाचं म्हणाल, तर तो पाण्यात कुणासाठी जातो? भावाच्या होडीत बसणारी दहातली आठ माणसं आधी विचारतात, "मासे नक्की दिसणार ना? नाही दिसले तर पैसे नाही." एकदा माझ्यासमोर घडलंय. रविवार होता, पौर्णिमेचं उधाण, पाणी गढूळ. भाऊ म्हणाला, "आज पाणी बरा नाय, काय दिसाचा नाय, उद्या येवा." गाडी तुमच्या-आमच्याच भागातली होती. त्यातले एक गृहस्थ चिडले, म्हणाले आम्ही रात्रभर प्रवास करून आलोय. शेजारच्या होडीवाल्यानं "चला, दाखवतो" म्हटलं आणि ते तिकडं गेले. त्या होडीत पावाची पिशवी होती. भावाचा तो दिवस बुडाला.

पाण्याचं गणितही सांगते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, भरती-ओहोटीचा जोर मोठा, तळाची वाळू उठते. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग असतो, पाणी शांत आणि त्यातल्या त्यात नितळ. मासे दिसायला पाव लागत नाही, भांग लागतो. पण तुमच्याकडं सहल ठरते ती शनिवार-रविवार बघून. आणि एकाच दिवसात पाच गोष्टी करायच्या असल्या की पाण्यात मिळतात वीस मिनिटं. वीस मिनिटांत मासे आपणहून जवळ येत नाहीत, म्हणून त्यांना बोलवावं लागतं. कृष्णाकाठ दादा, उरकाउरकी वाईट हे मलाही पटतं. बंद करा हे पटत नाही.

शिराळकर (शिराळा)

मला आमची नागपंचमी आठवली. जिवंत नाग पकडून पूजा करायची आमच्या गावाची परंपरा होती. उच्च न्यायालयाच्या आदेशानं ती थांबली तेव्हा गावाला फार दुखलं, मलाही दुखलं. आम्ही नागाला मारत नव्हतो, देव मानत होतो. पण वन्यजीव कायदा 1972 चा आहे आणि तो भाव बघत नाही, नागाला काय झालं ते बघतो.

प्रवाळ त्याच कायद्यात आहे, डॉल्फिनही आहे. नागावर प्रेम असूनही आम्हाला हात मागं घ्यावा लागला. समुद्रावर प्रेम आहे म्हणून पाय टेकवायची सूट कुणाला का मिळावी? माझं मत कृष्णाकाठ यांच्या बाजूनं.

पेठभाग (सांगली)

शिराळकर, तुलना बरोबर नाही. नाग पकडून मडक्यात ठेवला जायचा. स्नॉर्कलिंगमध्ये नुसतं वरून बघायचं असतं. पाय टेकवणं हा त्याचा भाग नाही, ती चूक आहे. चूक सुधारता येते.

वाटाड्या (पलूस)

तुम्ही सगळे प्रवाळाचं बोलताय, मी माणसांचं बोलतो. 2019 च्या महापुरात ब्रह्मनाळला काय झालं ते आमच्या तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही. एक बोट, तीत मावतील त्याहून जास्त माणसं, अंगावर लाइफ जॅकेट नाही. ती उलटली आणि माणसं बुडाली. मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा (पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणं) करून परतणारी बोट उलटली, दोन पर्यटक गेले. ब्रह्मनाळला जीव वाचवायची धडपड होती, तारकर्लीला सहल होती. पण दोन्ही ठिकाणी पाणी तेच करतं.

एक दिवसाच्या सहलीत माणूस रात्रभर जागलेला असतो, घाटात उलट्या झालेल्या असतात, काही जण तर बाटली उघडूनच बसलेले असतात. तसंच पाण्यात उतरायचं? दमेकऱ्यांनी, हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय उतरूच नये. आणि कृष्णेत पोहायला शिकलो म्हणून समुद्र येतो असं कुणी समजू नये. नदीत ओढ एका दिशेची असते. समुद्रात लाट आणि ओहोटी दोन्ही ओढतात. जॅकेटचे तिन्ही पट्टे लावल्याशिवाय होडी सुटू द्यायची नाही, गाइड काहीही म्हणो.

यवतेश्वर (सातारा)

साताऱ्याहून बोलतो. कासच्या फुलांच्या पठारावर आम्ही हे सगळं भोगलंय. पश्चिम घाटातलं ते पठार 2012 साली जागतिक वारसा यादीत गेलं आणि गर्दी फुटली. फुलांत लोळून फोटो काढायचे. बंदी घातली नाही. दिवसाला 3000 माणसांची मर्यादा, आधी बुकिंग, शुल्क, आणि देखरेखीला आसपासच्या गावांचीच माणसं. मध्यंतरी कुंपण घातलं, त्यावर वाद झाले, ते काढलंही. सगळं सुरळीत आहे असं म्हणणार नाही. पण शिट्टी वाजवणारा माणूस त्याच गावचा असतो आणि त्या शिट्टीला लोक ऐकतात, हे मी डोळ्यांनी बघतोय.

किल्ल्यामागच्या पाण्यालाही अशीच मर्यादा हवी. एका वेळी किती होड्या, एका होडीतून किती जण पाण्यात. नांगर प्रवाळावर पडू नये म्हणून होडी बांधायला कायमचा बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण हवी.

पेठभाग (सांगली)

मर्यादा चालेल. पण रविवारच्या जागा आधीच एजंटांनी अडवून ठेवल्या तर आमच्यासारख्याला पुन्हा नाहीच मिळणार. काही जागा थेट होडीवाल्याकडं हव्यात.

विज्ञानाच्या बाई (तासगाव)

कृष्णाकाठ, तुमची कळकळ खरी आहे, पण एक गोष्ट सुटतेय. प्रवाळाला सर्वांत मोठा मार टाचेचा नाही, पाण्याच्या तापमानाचा आहे. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं, प्रवाळाला देतं, आणि बराचसा रंगही त्याचाच असतो. पाणी फार तापलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लवकर गार झालं तर सावरतं, नाहीतर उपाशी मरतं. मालवणलाही असं पांढरं पडलेलं प्रवाळ संशोधकांनी नोंदवलंय. आपण सहल बंद केली म्हणून समुद्र थंड होणार नाही.

पण यावरून "मग टाच पडली तर काय बिघडलं" असा अर्थ मात्र कुणी काढू नये. तापानं खंगलेल्या माणसाला धक्का द्यायचा नसतो. उठलेली वाळू प्रवाळावर बसली की त्याला प्रकाश मिळत नाही. आणि जे मासे एरवी शेवाळ खरवडून प्रवाळ साफ ठेवतात त्यांना पावाची सवय लावणं, हा तर निव्वळ अन्याय आहे.

डॉल्फिनचं कुणीच बोललं नाही म्हणून सांगते. तिथं किनाऱ्याजवळ दिसतो तो पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन जगातच संकटात आलेला आहे. तो आवाजाच्या आधारानं वाट काढतो, मासे शोधतो. पाच होड्या इंजिन पेटवून चारी बाजूंनी धावल्या की त्याला काय ऐकू येणार? आम्ही शाळेची सहल नेली तेव्हा होडीवाल्याला आधीच सांगितलं होतं, इंजिन बंद करून थांबायचं, दिसला तर दिसला. चाळीस मिनिटं पाणी नुसतं हलत होतं. मग एक पाठ वर आली, श्वासाचा फुस्स आवाज आला आणि गेली. माझी सातवी-आठवीची मुलं अजून तो आवाज काढून दाखवतात. डॉल्फिन काय, पाकोळ्या नावाचे छोटे पक्षी काय, जवळ जाऊनच बघायला हवं असं नसतं. वेंगुर्ल्याजवळ समुद्रातल्या वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांच्या गुहांत पाकोळ्या लाळेची घरटी करतात, ती चोरून विकली जायची. तिथं तर आपण न जाणंच बरं.

कृष्णाकाठ (सांगली)

सगळ्यांचं दोनदा वाचलं.

माहेर मालवण ताई, पौर्णिमेच्या दिवशी चिडणाऱ्या त्या गृहस्थांच्या जागी मी स्वतःला बघितलं. आमचीही तारीख कॅलेंडरमधला रविवार बघून ठरली होती, तिथीकडं कुणी पाहिलंच नव्हतं. ठरवलेल्या गाइडला आम्हीच तीनदा विचारलं होतं, "मासे दिसतील ना?" हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नाही, लिहायला हवं होतं.

"बंद करा" हा शब्द मागं घेतो. बाई, तापमानाचंही मान्य. पण पेठभाग, चूक सुधारता येते म्हणता तेव्हा मला तो ओरखडा दिसतो. तुमच्या मुलानं खाली गाव बघितलं, माझ्या मुलीनं त्या गावातलं एक घर तुडवलं, आणि दोघंही तितकीच आनंदात होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मीसुद्धा नाही. म्हणून डिसेंबरात पुन्हा जाणार आहोत, पण मी तिला या वेळी पाण्यात उतरवणार नाही. सकाळी किल्ला नीट फिरवणार. 1664 च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं, चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी. मागच्या वेळी आम्ही तो चाळीस मिनिटांत आटोपला होता. दुपारी ओहोटीला रॉक गार्डनच्या कातळावर नेणार, तिथल्या डबक्यांत खेकडे, छोटे मासे काठावरून दिसतात. पोहणं आणि तरंगणं पक्कं झालं की पुढच्या वर्षी बघू.

पेठभाग (सांगली)

मी मात्र उतरवणार. तिथी बघून, एक दिवस रजा टाकून. पाव नाही, पाय टेकवणं नाही, एवढं आधी बोलून घेईन. दिसले नाहीत मासे तरी पूर्ण पैसे देईन.

माहेर मालवण (मिरज)

पेठभाग दादा, शेवटचं वाक्य भावाला वाचून दाखवते. भांगाच्या तारखा विचारून इथंच टाकीन.

कृष्णाकाठ दादा, रॉक गार्डनला जरूर न्या, पण तिथंही जपून. मोठ्या ओहोटीला कडेच्या डबक्यांतून प्रवाळ उघडं पडतं, मातकट रंगाचं असतं, दगडच वाटतो. मुलीला कोरड्या कातळावरूनच चालू द्या.